‘येते’ म्हणाले आणि गेले

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाल्यावर कॉलेजने एक चोवीस पानी पुस्तिका पाठवली. तिचं नाव ‘काय अपेक्षित आहे’. बूट कुठले घ्यावेत इथपासून वॉर्डात रडू आलं तर कुणाला फोन करावा इथपर्यंत सगळं तिच्यात होतं. मी ती दोनदा वाचली, पिवळ्या पेनाने रंगवली आणि मकरंदला, म्हणजे नवऱ्याला, मोठ्याने वाचून दाखवली. तो डिशवॉशर भरत होता आणि प्रत्येक परिच्छेदाला एक ‘हं’ देत होता.

त्या चोवीस पानांत ‘येते’ या शब्दाबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. असती तर एका धडधाकट म्हाताऱ्याच्या मेंदूचा फोटो काढण्यापर्यंत गोष्ट गेली नसती. पण ते पुढे.

पहिली अडचण पोलिसांची. इथे परदेशात आजारी माणसांजवळ जायचं तर आधी गार्डा, म्हणजे इथले पोलीस, तुमची चौकशी करतात आणि त्यासाठी जन्मापासून राहिलेला प्रत्येक पत्ता मागतात. मी सांगलीचा पहिला पत्ता प्रामाणिकपणे लिहिला : पाण्याच्या टाकीमागे, दाते डॉक्टरांच्या दवाखान्यावर, वरचा मजला. चार दिवसांनी ई-मेल आला, घर क्रमांक द्यावा. घराला क्रमांक नव्हता, टाकी होती, असं मी नम्रपणे कळवलं. त्यावर उत्तर आलं, मग टाकीचा क्रमांक द्यावा.

शेवटी आईला फोन केला. आईने घराचा क्रमांक सांगितला नाही, पण त्या घरात गळणारे तिन्ही नळ कुठे होते ते सांगितलं. तिला लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागला, कारण कॉलेजला माझ्या कांजिण्यांची माहिती हवी होती.

“तुला नाही झाल्या. गौरवला झाल्या,” आई म्हणाली. गौरव माझा धाकटा भाऊ. “तुला गालफुगी.”

मी तसं लिहून टाकलं. दोन दिवसांनी तिचा आपणहून फोन. “अगं, कांजिण्या तुलाच. गौरवला गोवर. फोटो सापडला, ठिपके दिसतायत.”

ठिपके फोटोवर पडलेल्या बुरशीचे होते. शेवटी रक्त तपासलं तेव्हा कळलं की मला कांजिण्या होऊन गेल्या आहेत, म्हणजे आई चुकीच्या पुराव्यावरून बरोबर उत्तरापर्यंत पोचली होती. फोन ठेवताना ती म्हणाली, “बाकी सगळं राहू दे. येणार कधी?”

“जुलैत येते.”

“मागच्या जुलैतही येत होतीस. त्याच्या आधीच्याही.”

या खेपेला तिकिटं काढली होती. फक्त एक मेख होती, आणि ती पुस्तिकेच्या पान एकोणीसवर होती. वॉर्डातल्या कामात एखाद्या रकान्यात नापास झाल्यास ते काम जुलैत पुन्हा करावं लागेल. मी ते पान रंगवलं नाही.

पहिले काही महिने कॉलेजात प्लास्टिकच्या पेशंटवर गेले. त्याला अंघोळ घालायची, कुशीवर वळवायचं आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी त्याला सांगायचं. एकदा माझ्या हातून त्याचा दंडापासूनचा हात निखळून खाली पडला. मी त्याची माफी मागितली. शिकवणाऱ्या बाईंनी त्याबद्दल माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं, तेव्हापासून माझी समजूत झाली की संवाद हा आपला हुकमाचा एक्का आहे. शेवटी मी इंग्रजीत एम.ए. आहे. भाषाशास्त्राच्या पेपरला एकाहत्तर मार्क होते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, म्हणजे विचारल्याशिवाय दोनदा सांगत नाही.

घरी सरावाला सासरे होते. बाळासाहेब, मिरजेच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर. सासूबाई गेल्यापासून दर वर्षी तीन महिने आमच्याकडे येतात आणि पहिल्याच दिवशी समोरच्या बसथांब्याचं वेळापत्रक पाठ करतात. मी त्यांचं ब्लडप्रेशर घ्यायला बसले की ते बाही वर करून छाती काढून बसायचे, जणू हार घालणार आहेत.

“किती हाय?”

“बाबा, बोलू नका, आकडा वाढतो.”

“मग इचारू कसं?”

ही बातमी आमच्या गावातल्या बाकीच्या चार मराठी घरांत पोचली आणि रविवारी सगळे सहज म्हणून आले. सहज आलेल्या अकरा माणसांची प्रेशरं घेतली. प्रत्येकाने ‘तुझं यंत्र जरा जास्त दाखवतं’ असं सांगितलं आणि दुसऱ्यांदा बटाटेवडा घेतला. जाताना प्रत्येकाने सल्लाही दिला. त्यातला घातक सल्ला अश्लेषाचा.

अश्लेषा जवळच्या लिमरिक शहरातल्या एका कंपनीत नोकरी करते आणि इथल्या लोकांत कसं मिसळावं या विषयावर न विचारता बोलते. “तुझं इंग्लिश फार पुस्तकी आहे निहारिका,” ती म्हणाली. “म्हातारी माणसं घाबरतील. वाक्याच्या शेवटी इथल्यासारखं ‘सो’ लावत जा. आय विल गो, सो. आय विल टेल हर, सो. लगेच घरच्यासारखं वाटतं.”

एम.ए.वाल्या बाईला वाक्याच्या शेवटी लोंबकळणारं ‘सो’ म्हणजे चपलेत खडा. पण मिसळायचं होतं. मी अंघोळ करताना ‘सो’चा सराव केला.

मग वॉर्ड आला. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. गाव लहान आहे, आणि पुस्तिकेच्या पान अकरावर गुप्ततेबद्दल ठळक अक्षरांत लिहिलं आहे. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं इथे पुन्हा चालायला शिकायला येतात. माझ्यावर लक्ष ठेवायला फिडेल्मा नावाच्या सीनियर नर्स होत्या. माझ्या वहीतल्या सगळ्या रकान्यांवर सही त्यांचीच होणार होती. उंच, किडकिडीत, आणि चालताना बुटांचा आवाज न करणाऱ्या. आवाज न करता मागे येऊन उभ्या राहणाऱ्या माणसासमोर माझं कधीही भलं झालेलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी शब्दांना ठेचकाळत होते. चादर ‘प्रेस’मधून आण म्हटल्यावर मी इस्त्री शोधत फिरले. इथे प्रेस म्हणजे कपाट. सगळे पेशंट विचारलं की ‘ग्रँड’ असायचे. कंबर मोडलेले ग्रँड, ताप असलेले ग्रँड, तीन दिवस पोट साफ न झालेलेही ग्रँड. मी वहीत एकाचं लिहिलं, ‘पेशंट स्वतःला भव्य समजतो’. फिडेल्मांनी ते खोडून ‘बरा आहे’ लिहिलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

सोमवारी खाट नंबर चारवर मिस्टर क्विलिगन आले. शहाऐंशी वर्षांचे, आयुष्यभर सायकलवरून पत्रं वाटलेले पोस्टमन, खुबा मोडून बसवलेला. शुक्रवारी घरी जायचं ठरलेलं. कुत्रा शेजाऱ्याकडे ठेवला होता आणि शेजारी त्याला सॉसेज खायला घालून बिघडवतो आहे, याची त्यांना फार काळजी होती. त्यांनी माझं नाव विचारून घेतलं आणि नीट उच्चारलं. अख्ख्या वॉर्डात ते पहिलेच.

साडेचारला माझं काम संपलं. निघताना त्यांच्या खाटेपाशी गेले. आता निघताना माणूस काय म्हणतो? ‘जाते’ म्हणत नाही. कधीच नाही. घरातून निघताना नाही, आणि आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून तर त्रिवार नाही. माझ्या तोंडात ते बसूच शकत नाही. मी मनातल्या मनात ‘येते हं’ म्हटलं, इंग्रजीत आणलं आणि अश्लेषाच्या सल्ल्यानुसार शेपूट लावलं.

“आय विल कम, सो,” मी गोड हसून म्हणाले, आणि गेले.

मंगळवारीही तसंच.

बुधवारी सकाळी रात्रीच्या नर्सने कामाची सूत्रं सोपवताना सांगितलं, “खाट चार. संध्याकाळी गोंधळलेले. कुणीतरी येणार आहे म्हणतात. साडेनऊपर्यंत झोपायला तयार नव्हते. सलग दुसरा दिवस.”

मी वहीत ‘गोंधळ’ लिहून दोन रेघा मारल्या. वर्गात शिकवलं होतं की म्हातारी माणसं अचानक गोंधळली तर आधी लघवी तपासा. नमुना घेण्याचं काम माझ्याकडे आलं. मी बाटली घेऊन गेले तर मिस्टर क्विलिगन जरा फुरंगटून बसलेले.

“काल काही अडचण आली का तुला?” त्यांनी विचारलं.

“मला? नाही.”

“बरं, बरं,” ते म्हणाले आणि भिंतीकडे बघायला लागले.

मी बाहेर येऊन वहीत लिहिलं : ‘काल रात्री मी येणार होते असा पेशंटचा समज.’ अक्षर सुंदर आलं होतं. फिडेल्मांनी वाचून मान हलवली आणि म्हणाल्या, “निरीक्षण चांगलं आहे तुझं.” त्या दिवशी मी घरी उडतच गेले. अर्थात निघण्याआधी खाट चारला ‘आय विल कम, सो’ म्हणूनच.

जेवताना मी पेशंटचं नाव न घेता, पान अकरा सांभाळून, सगळ्यांना सांगितलं की म्हातारपणी मेंदू कसा हळूहळू दगा देतो आणि पहिल्यांदा ते कुणी ओळखलं. मकरंद ‘हं’ म्हणाला. बाबांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

“काय म्हंतो गडी नेमकं?”

“कोणीतरी यायचंय म्हणतात. वाट बघत बसतात.”

“मग येत कोण न्हाई?”

“कुणी यायचंच नाहीये बाबा.”

“असं कसं,” बाबा म्हणाले. “बोर्डावर लिवल्याबगार कोन फलाटावर थांबत न्हाई.”

मी त्यांना समजावलं की ही वैद्यकीय बाब आहे.

गुरुवारी प्रकरण डॉक्टरांकडे गेलं. लघवीत काही सापडलं नव्हतं. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची तपासणी घेतली. महिना, साल, शंभरातून सात वजा करत जाणं, मिस्टर क्विलिगननी सगळं बरोबर सांगितलं, आणि वर गावातल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या घरांचे पत्ते क्रमाने म्हणून दाखवले. मला गार्डाच्या फॉर्मची आठवण होऊन त्यांचा हेवा वाटला. मग डॉक्टरांनी विचारलं, “आणि संध्याकाळी कोण येणार असतं?”

मिस्टर क्विलिगन गप्प बसले. हट्टाने, ओठ मिटून. डॉक्टरांना तेच वाईट लक्षण वाटलं. ठरलं असं : शुक्रवारचं घरी जाणं रद्द, पुढच्या आठवड्यात लिमरिकला नेऊन डोक्याचा स्कॅन. मिस्टर क्विलिगननी फक्त एवढंच विचारलं, “आणि कुत्रा?”

कामावरून सुटल्यावर मी रेवाला कमोगीच्या, म्हणजे इथल्या मुलींच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, सरावाला सोडायला गेले. रेवा माझी मुलगी, सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेलात इंग्रजीतच येतं. मैदानाच्या फाटकाशी मी तिच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, पट्टा तीनदा तपासला, इतर मुलींच्या हातातल्या काठ्या किती जाड आहेत ते बघून घेतलं आणि म्हटलं, “येते हं.”

“व्हॉट टाइम?” रेवा म्हणाली.

हे ती दर वेळी विचारते. बालवाडीपासून विचारते. मला आजवर तो आगाऊपणा वाटायचा. त्या दिवशी मी फाटक धरून तिथेच उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर एक खाट आली, खाटेवर ओठ मिटून बसलेला म्हातारा आला, आणि सोमवारपासूनचे माझे चारही ‘आय विल कम, सो’ एकामागून एक, हसतमुखाने आले.

घरी आल्यावर मी मकरंदला सगळं सांगितलं. तो या वेळी ‘हं’ म्हणाला नाही, त्याने खुर्ची ओढली. “गप्प राहा,” तो म्हणाला. “उद्यापासून ‘बाय’ म्हण. त्यांचं वाट बघणं थांबेल, सगळे म्हणतील बरे झाले. कशाला सांगतेस? संवादाच्या रकान्यात नापास होशील. मग जुलै गेला. आईंना काय सांगणार?”

बोलणं पटण्यासारखं होतं. मला अर्धं पटलंही. मी फोन हातात घेतला, आईचा नंबर काढला आणि परत ठेवला.

बाबा टीव्हीसमोर होते. त्यांनी आवाज बंद केला. “पोरी, एकदा मी कोल्हापूरची गाडी सात नंबरला लागतीय म्हणून माइकवर सांगितलं, आन् ती लागली तीन नंबरला. चाळीस मान्सं सातवर हुबी. साहेब म्हनले, गप बसा, आपोआप पळतील तिकडं.”

“मग?”

“म्हातारी मान्सं पळत न्हाईत. केबिनमधनं उठलो, माइकवर सांगितलं, चुकी माझी. लई शिव्या खाल्ल्या.” त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा चालू केला. “गाडीत बसली पन सगळी.”

शुक्रवारी सकाळी सूत्रं सोपवताना खाट चारचं नाव निघालं आणि मी हात वर केला. शाळेसारखा. डॉक्टर, रात्रीची नर्स, फिडेल्मा, फरशी पुसायला आलेले काका, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मिस्टर क्विलिगन गोंधळलेले नाहीत,” मी म्हणाले. “ते माझी वाट बघत होते. मी रोज निघताना सांगत होते की मी येते.”

“पण येत नव्हतीस,” डॉक्टर म्हणाले.

“नाही.”

“यायचा विचार होता?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे तसं नाही. आमच्यात जाताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणतात.”

“जाताना ‘येते’ म्हणतात,” डॉक्टरांनी हळूहळू म्हणून पाहिलं. “आणि येताना?”

“येताना ‘आले’ म्हणतात.” एवढं बोलून मी थांबायला हवं होतं. पण माझी जीभ घसरली. “मी इंग्रजीत एम.ए. आहे,” मी म्हणाले.

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. फरशीवाले काका बादली उचलून हळूच बाहेर गेले आणि बाहेर जाऊन हसले. फिडेल्मांचा चेहरा कोरा होता. त्यांनी माझी वही उघडली, बुधवारचं माझं सुंदर अक्षरातलं निरीक्षण पुन्हा वाचलं, बंद केली.

“माझी आई,” त्या म्हणाल्या, “कधी नुसतं ‘उद्या भेटू’ म्हणाली नाही. पुढे ‘देवाची मर्जी असेल तर’ लावल्याशिवाय तिला घराबाहेर पाऊल टाकता यायचं नाही.” मग त्यांनी वही काखेत मारली. “जा. त्यांना तू स्वतः सांग. मी मागे उभी राहते.”

आवाज न करता, अर्थातच.

मी खाटेशेजारी खुर्ची घेऊन सगळं सांगितलं. मिस्टर क्विलिगन ऐकत होते. मधेच त्यांनी उशीजवळच्या कपाटाचा खण उघडला. आत कागदी रुमालात गुंडाळलेली चार बिस्किटं होती, क्रीमची. संध्याकाळच्या चहाबरोबर दोन मिळत. एक त्यांनी खाल्लं होतं, एक ठेवलं होतं. चार दिवस.

“डॉक्टरांना का नाही सांगितलंत, मी म्हणाले होते म्हणून?”

“विद्यार्थिनी आहेस. तुझ्यावर ओरडले असते.” त्यांनी एक बिस्किट माझ्या हातावर ठेवलं. सोमवारचं असावं, मऊ पडलं होतं. “पत्र हरवलं तर लोक पोस्टमनला बोलतात, पाठवणाऱ्याला नाही. मला सवय आहे.”

मी बिस्किट खाल्लं. नाही खाल्लं असतं तर रडले असते, आणि रडू आल्यावर फोन करायचा नंबर मी पाठ केला नव्हता.

“घरून निघताना आईला हेच म्हणालीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कधी?”

“तीन वर्षं झाली.”

मिस्टर क्विलिगननी रुमालातली उरलेली तीन बिस्किटं बघितली. “तिच्याकडे बरीच साठली असतील,” ते म्हणाले.

स्कॅन रद्द झाला. दुपारी पुतणी गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर सॉसेजने गोल झालेला कुत्रा होता. वॉकर धरून मिस्टर क्विलिगन दारापर्यंत आपले आपण चालले. मी तोपर्यंत त्यांना एक शब्द शिकवला होता. दारात ते वळले, घसा साफ केला आणि पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, “येतो हं, सो.”

“काय म्हणाले?” मागून फिडेल्मांनी विचारलं. मी दचकले.

“निरोप घेतला.”

“शब्दशः?”

“परत येतो म्हणाले.”

“देवा,” फिडेल्मा म्हणाल्या. “आत्ता तर खुबा जुळलाय.”

त्यांनी वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि संवादाच्या रकान्यापाशी पेन धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी पुस्तिकेतलं पान एकोणीस आठवत राहिले. मग त्यांनी सही केली. शेरा लिहायच्या जागेत तिरक्या अक्षरात लिहिलं : ‘चूक झाल्यास सर्वांसमोर सांगते. वेळ मात्र विचारून घ्यावी.’

घरी आल्या आल्या मी आईला फोन लावला. मागे मकरंद, बाबा आणि रेवा, तिघंही कान देऊन.

“आई, जुलैत येते.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आई सावकाश म्हणाली, “बरं.” हे ‘बरं’ मला ओळखीचं होतं. परवाच ऐकलं होतं, भिंतीकडे बघत म्हटलेलं.

“बारा जुलै,” मी म्हणाले. “सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुणे स्टेशनवरून गाडी. साडेअकराला सांगलीत. फलाट बाबा बघून सांगतील.”

“थांब,” आई म्हणाली. “पेन घेते.”